मूठभर कोरडं तूस

त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही, पण त्यांची मूठ लक्षात आहे. खालापूरजवळ प्लॉट घेतला आणि शेजारी या बाईंची पोल्ट्री दिसली. वास येणारच, हे धरून मी तडक भांडायला गेलो. माझं काही ऐकण्याआधीच बाईंनी मला चपला शेडबाहेर काढायला लावल्या. मग कोंबड्यांखाली अंथरलेलं मूठभर भाताचं तूस उचललं, घट्ट दाबलं आणि माझ्या नाकासमोर मूठ उघडली. गोळा झालाच नाही. तूस भुरभुरत खाली पडलं.

"खाद्यात पचनाचं एन्झाइम मिसळते मी. खाल्लेलं अंगाला लागतं, कमी खाद्यात भागतं नि शीटबी कोरडी पडते. येतो का वास?"

"नाही."

त्यांनी मान ताठ केली. "मंग? काय काम काढलंत?"

"दोन कोंबड्या हव्या होत्या," मी म्हणालो.