जिनेमास्तरांचा सक्तीचा विषय

आमच्या कॉलेजात इमारती आखायला शिकवत. तिसऱ्या वर्षाला एक सक्तीचा विषय होता. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला 'जिना' म्हणत आणि तो शिकवणाऱ्यांना जिनेमास्तर. तोंडावर अर्थात सर. माणूस काटकुळा, शर्टाच्या खिशात कायम मोजायची टेप. त्यांच्याबरोबर जिना चढणं ही शिक्षाच असे, कारण ते मनातल्या मनात पायऱ्या मोजत, आणि मध्येच कुणी बोललं तर खाली उतरून पुन्हा पहिल्यापासून चढत.

अभ्यास एकच: गावातला एक खरा जिना निवडा, मोजा, कागदावर काढा. अख्खं सत्र! मला तर नाटकाचं नेपथ्य करायचं होतं. 'आधी पदवी, मग काय ती थेरं' असं वडिलांनी बजावलं म्हणून मी कॉलेजात होते. त्याच सत्रात एका नाटक मंडळीनं मला हाताखाली काम करायला बोलावलं. तालमी दुपारच्या, आणि जिनाही दुपारचाच. हजेरी कमी पडली तर वर्ष जाणार. मी नाही म्हटलं, त्यांनी दुसऱ्या मुलीला घेतलं. त्या दिवशी मी पोटभर रडले आणि मग तोंड धुऊन अर्ज लिहिला: 'या विषयाचा आमच्या स्वप्नांशी काडीचाही संबंध नाही, तरी तो ऐच्छिक करावा.' अर्ज आठवडाभर वर्गातल्या टेबलावर सह्यांसाठी पडून होता. दहा-दहा सह्यांच्या पाच रांगा भरल्या. पन्नास! मी तोऱ्यात तो ऑफिसात नेऊन दिला. प्राचार्यांनी तो वाचला की नाही देव जाणे, नकार मात्र दुसऱ्याच दिवशी आला.

मग राग काढला जिन्यावर. पोस्टामागच्या एका इमारतीचा जिना घेतला, एक पायरी मोजली, बाविसानं गुणलं आणि घरी बसून सुरेख चित्र काढलं. सरांनी ते बघितलं, "छान" म्हणाले आणि मला घेऊन थेट त्या जिन्यापाशी आले.

"छताकडे बघत चढ," म्हणाले.

एकवीस पायऱ्या झोकात चढले. बाविसावीला अंगठा असा आपटला की वरच्या मजल्यावर पालथीच पडले. तिथं कुणीतरी जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली होती, त्यामुळे तेवढी शेवटची पायरी दोन बोटं उंच झाली होती.

"गुणाकार बरोबर होता तुझा," सर म्हणाले आणि खिशातली टेप काढून माझ्या हातात दिली.

पुढचे तीन आठवडे मी त्या जिन्यावर गुडघे टेकून बसले. फिनेलचा वास, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला कठडा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोलणी. वर शिवणकाम करणारी एक बाई राहायची. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी शेवटच्या पायरीआधी एक पिशवी कोपरात सरकवून ती न बघता भिंतीला हात लावायची. जिना पाठ झाला होता तिचा. ते दिवस आठवले की अजूनही जीव हळवा होतो. चिडचिड किती केली ते आठवत नाही, ती बाईच आठवते.

पुढे मी नेपथ्यच केलं. माझ्या जिन्यांवरून आजवर एकही नट पडलेला नाही, पण त्यात आमच्या सुताराचाही वाटा आहे. आणि बाकीचे सहा सक्तीचे विषय मी साफ विसरले, हेही खरं.

चोवीस वर्षांनी कॉलेजनं मला बोलावलं. कुठले विषय सक्तीचे ठेवायचे हे ठरवायला पाच जणांची समिती नेमली होती, त्यात मी. जिना वाचवायचाच, असं ठरवून पदर खोचून गेले. चहाच्या सुट्टीत जिन्याच्या वळणावर जिनेमास्तर भेटले. केस पांढरे, निवृत्तीला एक वर्ष. पिशवीतून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला. माझा अर्ज! नकार देऊन ऑफिसनं तो त्यांच्याकडेच टाकला होता.

"किती सह्या होत्या गं?"

"पन्नास."

"मोजल्या होत्यास?"

"दहा-दहाच्या पाच रांगा..."

ते हसायला लागले. पाचव्या रांगेच्या खाली, कागदाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक्कावन्नावी सही होती. त्यांची.

"सर, स्वतःच्याच विषयाविरुद्ध?"

"मी इथं कुणाच्या तरी बदली एका सत्रापुरता आलो होतो. मला जिने बांधायचे होते गं, शिकवायचे नव्हते. त्याला एकतीस वर्षं झाली. पोरं येतात ती हजेरीसाठी. एकदा तरी कुणी आपणहून आलेलं बघायचंय. आता एकच वर्ष उरलंय."

"आणि कुणीच नाही आलं तर?"

"तर नाही आलं. कळेल तरी."

मतं घेतली तेव्हा दोघं सक्तीच्या बाजूनं, दोघं विरुद्ध. अध्यक्षबाई माझ्याकडे बघत बसल्या. विषय ऐच्छिक असता तर मी गेले असते का? मुळीच नाही. तालमीला पळाले असते, आणि त्या बाईचा भिंतीवरचा हात मला कधीच दिसला नसता. हे लख्ख माहीत असून मी हात वर केला तो सरांसाठी, सक्तीविरुद्ध. चुकलं की बरोबर केलं, अजून कळलेलं नाही.

नव्या वर्षाची नावं नोंदवायची मुदत संपली त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"चार!" आवाज शाळकरी पोरासारखा.

"गुणाकार नाही ना केलात?"

"छे गं. एकेक नाव वाचलं. दोनदा." मग म्हणाले, "तू मात्र आली नसतीस."

"नसते आले, सर."

"हं," ते म्हणाले, "तेवढंच एक वाईट वाटतं."