पंख्याची खोळ

गारठेकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. स्वेटरचं दुकान, तेही वडिलांपासूनचं, म्हणून नाव पडलं ते पडलंच. माणूस मुलखाचा हट्टी. हिवाळ्याचा महिना लागला की थंडी येवो न येवो, दुकानातला पंखा बंद. नुसता बंद नाही, स्टुलावर चढून त्याच्या तिन्ही पात्यांना बायकोने विणलेली लोकरीची खोळ घालायची आणि मग स्वतः लांब बाह्यांचा स्वेटर चढवून गल्ल्यावर बसायचं. "दुकानदारच घामाला घाबरला, तर गिऱ्हाईक थंडीला कशाला घाबरेल?" असं त्यांचं तत्त्व.

थंडी मात्र अलीकडे दूरच्या नातलगासारखी वागायला लागली होती. येते येते म्हणायची आणि उंबऱ्यावरूनच परत जायची. यंदा तर उंबऱ्यापर्यंतही आली नाही. महिना निम्मा सरला तरी लोक बनियनवर हिंडत होते आणि काका खोळीतल्या पंख्याखाली घामाने निथळत होते.

"काका, पंख्याला तरी ऊब मिळतेय ना?" समोरचा न्हावी रोज विचारायचा.

"हस लेका! एकदा गार वारा सुटू दे, तूच पहिला येशील पायरीवर."

सुंभ जळाला तरी पीळ जाईना. लेक म्हणाली, "बाबा, या जागेत कूलर विकूया." काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

हट्टाचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दुकानातला प्रत्येक स्वेटर काकूंच्या हातचा. लग्न झाल्यापासून त्यांच्या हातात सुया होत्या. दुकान उठलं तर ही बाई दिवसभर करणार काय? ती खचेल, याची काकांना मनापासून धास्ती होती. म्हणून काहीही करून स्वेटर खपायला हवे होते.

शेवटी त्यांनी शक्कल लढवली. थंडी येत नाही ना? मग आणू! दुकानाला एसी बसवला, होईल तेवढा गार केला आणि दारावर पाटी लावली: 'आत थंडी आहे.'

उकाड्याने हैराण झालेले लोक आत घुसले. न्हावीच पहिला, फुकटचा गारवा खायला. थोड्याच वेळात त्याचे दात वाजायला लागले. मुकाट्याने मफलर घेऊन गुंडाळला आणि बाहेर पडताच काढून खिशात कोंबला. संध्याकाळपर्यंत टोप्या गेल्या, चार स्वेटरही गेले. काकांना आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचा पडदा सरकला. दुकानामागेच घर, आणि एसीचं बाहेरचं खोकं नेमकं स्वयंपाकघराच्या खिडकीशी. काकू लालबुंद होऊन उभ्या होत्या, हातात अर्धा विणलेला स्वेटर.

"अहो, थंडी तुम्ही इथे विकताय आणि उन्हाळा माझ्या खिडकीतून आत सोडताय! ओट्यावर ठेवलेलं दूध नासलं!"

"अगं, पण माल खपतोय. तुझे स्वेटर..."

"जळले ते स्वेटर! कंटाळा आलाय मला. बोटं दुखतात, मांडीवर लोकर घेतली की अंगाची लाही होते."

"मग विणतेस कशाला?"

"तुम्ही रोज दार उघडून वाट बघत बसता म्हणून! कपाट रिकामं दिसलं असतं तर तोंड एवढंसं झालं असतं तुमचं."

काका बघतच राहिले. "आणि मी इथे तुझे हात रिकामे राहू नयेत म्हणून घाम गाळतोय!"

स्वेटर घ्यायला आलेलं एकमेव गिऱ्हाईक हळूच सटकलं. काकू आधी हसल्या, मग काका, आणि हसता हसता दोघांचेही डोळे भरून आले. किती वर्षं फुकट उकडून घेतलं!

काकांनी एसी बंद केला. स्टुलावर चढून खोळ काढली, पंखा सुरू केला आणि हिवाळ्याच्या महिन्यात जन्मात पहिल्यांदा अंगातला स्वेटर उतरवला. लेकीला हाक मारून म्हणाले, "आण बाई तुझे कूलर."

खोळ ते चिंध्यांच्या टोपलीत टाकायला निघाले, तोच काकूंनी ती हातातून ओढून घेतली.

"राहू द्या. आलीच एखाद्या वर्षी थंडी, तर पंख्याला घालायला काय शोधत बसणार?"

"येईल म्हणतेस?"

खोळीची नीट घडी करून काकूंनी ती कपाटात ठेवली, आणि आठवणीने आत दोन डांबराच्या गोळ्या टाकल्या.