दार खरंच लावलंय का?

इंग्रजीला घाबरणारी माणसं आमच्या दाभोळात पायलीला पन्नास मिळतील, पण इंग्रजी वाक्य खरं की खोटं हे उठून बघायला जाणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला, तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका! वीस वर्षं बोटीवर खलाशी होते. शाळा चौथीपर्यंत, पण इंग्रजी असं फाडफाड की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. निवृत्त होऊन घरी बसले आणि गावातल्या दहावी नापासांना फुकट शिकवायला लागले. शिकवायचे काय, तर साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ. बाकीचं व्याकरण त्यांच्या लेखी चिल्लर. त्यांच्या हाताखालून गेलेलं एकही पोर तोवर पास झालं नव्हतं, हे मात्र मला कुणी आधी सांगितलं नाही.

साल त्र्याऐंशी. मी इंग्रजीत दोनदा आपटले होते. बाबांनी स्पष्टच सांगितलं, "आता ऑक्टोबरला शेवटचं. नाय झालीस पास तर मुंबईला दादाकडे जायचं नि त्याची पोरं सांभाळायची." मला तर नर्स व्हायचं होतं, आणि ट्रेनिंगला दहावी पास लागायची. म्हणून मी काकांकडे गेले.

पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "दार लाव आणि इंग्रजीत सांग." मी दार लोटलं आणि म्हटलं, "आय हॅव क्लोज्ड द डोअर." काका उठून बघायला गेले. वाऱ्याने दार पुन्हा उघडलं होतं.

"खोटं बोललीस बाय," ते म्हणाले. "नुसतं क्लोज्ड म्हणाली असतीस तर मी उठलो नसतो, ती झाली गेलेली गोष्ट. हॅव म्हणालीस म्हणजे दार आत्ता बंद पायजे. बोटीवर असं बोललं की पाणी आत येतं."

झालं! त्या दिवसापासून मी घागर भरली म्हटलं की काका घागरीत वाकून बघणार, कपडे वाळत घातले म्हटलं की परसात जाणार. गुडघे दुखायचे, कण्हायचे, पण गेल्याशिवाय राहायचे नाहीत. एकदा मी कालवणासाठी आणलेल्या बांगड्यांवर झाकण ठेवून आले आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "आय हॅव कव्हर्ड द फिश." काका चुलीपाशी गेले तर झाकण खाली आणि मांजर मिशा चाटतंय. काकांना कोण आनंद! "बघ, मांजराने तुझं वाक्य बदललं. आता नुसतं कव्हर्ड म्हण." मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "वाक्य बदललं ते बरं झालं हो, पण कालवण कशाचं करू?" त्या दिवशी आम्ही लोणच्याशी भात खाल्ला. काका मात्र जेवताना सारखे हसत होते.

ऑक्टोबर आला. पेपरात वडीलधाऱ्या माणसाला पत्र लिहायचं होतं. वर्गातल्या पोरी पाठ केलेलं खाली मान घालून उतरवत होत्या. माझं पाठांतर त्या क्षणी साफ उडालं आणि मी सरळ काकांनाच पत्र लिहिलं. दार, मांजर, त्यांचे गुडघे, सगळं लिहिलं. एकेक वाक्य लिहिण्याआधी मनातल्या मनात उठून बघून यायची. शेवटी लिहिलं, तुमच्यामुळे माझी भीती गेली आहे. तोंडावर हे बोलायची माझी छाती झाली नसती.

आणि मी पास झाले! काठावर नाही, चांगली पास झाले. काका दुखरे गुडघे विसरून अंगणात नाचले. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "पत्रात काय लिहिलंस गो?" मला मेली लाज वाटली. "पाठ केलेलं होतं तेच," मी म्हटलं. काकांनी मान डोलावली.

ट्रेनिंगला गेल्यावर ते पत्र पुन्हा लिहून काकांना खरोखर टपालाने पाठवायचं मी ठरवलं होतं. आज ड्युटी, उद्या परीक्षा, असं करत राहूनच गेलं. दुसऱ्या वर्षी काका गेल्याची तार आली. मी काकांना लिहिलेलं पत्र कुणा अनोळखी परीक्षकाने वाचलं, त्यावर गुण दिले आणि गठ्ठ्यात बांधून टाकलं. ज्यांना लिहिलं होतं त्यांना मी ते पाठ केलेलं म्हणून सांगितलं. त्याचं मला अजून फार वाईट वाटतं.