आणीबाणीत माझा नंबर

आमच्या बंगळुरातल्या जयनगरच्या घरातली आणीबाणीची सगळी व्यवस्था मी स्वतः उभी केली, आणि तिचा आजवरचा एकमेव लाभार्थीही मीच आहे.

आई पुण्याहून कायमची आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी घरात तीन बोलक्या डब्या, म्हणजे स्मार्ट स्पीकर, बसवल्या. एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक आईच्या खोलीत. आपण बोलायचं, डबीतल्या बाईने ऐकायचं. (ही बाई बोलते हिंदीत, मनस्ताप मात्र मराठीत देते; म्हणून पुढे तिचं बोलणंही मराठीतच देतोय.) मी आणि बायको दिवसभर ऑफिसात, आणि आईचे गुडघे असे, की जिना उतरताना ती प्रत्येक पायरीचा वेगळा विचार करते. म्हणून तिला समोर बसवून मी प्रात्यक्षिक दिलं.

"पडलीस, चक्कर आली, काहीही झालं, तरी नुसतं 'मदत' म्हणायचं. लगेच फोन लागतो."

"कुणाला?"

"मला."

"आणि तुलाच काही झालं तर?"

"मला काय होणार आहे?"

आई नुसती 'हं' म्हणाली. तिच्या त्या 'हं'ला मी लहानपणापासून घाबरत आलोय. त्या दिवशी नेमका विसरलो.

पुढे थोड्याच दिवसांत तिच्या खोलीतली डबी दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणाली, "ठेवलीये नीट जागेवर." मी समजलो, कपाटात साड्यांखाली गेली. मागच्या पिढीला तंत्रज्ञान कसं झेपत नाही, यावर मी बायकोला एक छोटं भाषणही दिलं.

मग तो शनिवार उजाडला. बायको बाहेर गेली होती. आई खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाईंकडे, पद्माक्कांकडे, निघाली होती. पद्माक्का मराठीच, पण घराणं चार पिढ्या बंगळुरात, त्यामुळे त्यांची मराठी अधूनमधून कन्नडला भेटून येते. जाताना आई म्हणाली, "डाळीचा कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर." मी 'हो' म्हणालो आणि हॉलमध्ये स्टुलावर चढलो. छताला धूर ओळखणारी घंटा बसवायची होती. आईच्या सुरक्षिततेसाठी!

स्टूल प्लॅस्टिकचं होतं आणि माझं वजन खरं होतं.

खाली आलो तेव्हा उजवा पाय अशा दिशेला वळला होता, जिकडे एरवी त्याचं काही काम नसतं. हलवायला गेलो तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेवढ्यात आत पहिली शिट्टी झाली.

पण घाबरायचं कारण नव्हतं. व्यवस्था होती. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "मदत!"

"तुमच्या आपत्कालीन संपर्काला फोन लावते आहे," बाई म्हणाली.

आणि जेवणाच्या टेबलावर माझा फोन वाजायला लागला.

मी फोनकडे बघत राहिलो. फोन वाजत राहिला. मीच मला मदतीला बोलावत होतो आणि मीच उचलत नव्हतो.

"संपर्क होऊ शकला नाही. पुन्हा लावू का?"

"मला नको! अ‍ॅम्ब्युलन्सला लाव!"

"माफ करा, या उपकरणावरून आपत्कालीन सेवांना फोन लावता येत नाही."

(हे खोक्यावर छापलेलं होतं. खोकं मी जपून ठेवलं होतं, वाचलं नव्हतं. आणि माझ्याशिवाय दुसरा नंबर तिच्यात मी भरलाच नव्हता.)

तिसरी शिट्टी झाली. मग चौथी, पाचवी. पुढे शिट्ट्याच थांबल्या आणि जळका वास यायला लागला. आता मात्र पाय विसरलो. पाणी आटलेला कुकर काय करू शकतो, हे मी ऐकून होतो. सरपटायला गेलो, पण हातभर सरकेपर्यंतच जीव कासावीस झाला. खरं सांगतो, मला भीती वाटली.

शेवटी घसा फोडून बाईला म्हणालो, "घरातल्या सगळ्या डब्यांवर सांग. मी पडलोय. पाय मोडलाय." ऐकणार कोण होतं म्हणा! एक डबी कुकरशेजारी, दुसरी साड्यांखाली.

मग डबीतून आईचा आवाज आला.

"किती शिट्ट्या झाल्या?"

मला वाटलं, कळ डोक्यात गेली.

"आई? तू कुठून बोलतेयस?"

"पद्माक्कांच्या ओट्यावरून. शिट्ट्या सांग."

"थांबल्या. जळका वास येतोय."

"हलू नकोस. आलेच."

मागून पद्माक्का म्हणाल्या, "स्वल्प धीर धर रे. मी एकशे आठला फोन करते."

म्हणजे साड्यांखालची डबी इतके दिवस खालच्या मजल्यावर कामाला होती. आमचं वायफाय तिथवर पोचतं, हे आईने शोधून काढलं होतं. 'चहा टाकलाय, या' आणि 'कढीपत्ता आहे का' हा सगळा व्यवहार दोघी जिना न चढता करत होत्या.

त्या दिवशी आईने किती पायऱ्यांचा विचार केला, ठाऊक नाही. दार उघडलं, मला ओलांडून ती सरळ आत गेली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग येऊन माझ्याजवळ फरशीवर बसली. गुडघे दुमडत नाहीत म्हणून देवळातही खुर्ची मागणारी माझी आई फरशीवर बसली आणि माझं डोकं तिने मांडीवर घेतलं. मला रडू आलं. ते पायामुळे, असं मी सगळ्यांना सांगतो.

दारात पद्माक्का फोनवर कन्नडमध्ये पार्कासमोरचं पिवळं गेट समजावत होत्या. "सरी, सरी," म्हणून त्यांनी फोन ठेवला. "येतायत रे."

"डबी खाली का दिलीस?" मी कण्हत आईला विचारलं.

"अरे, तू ऑफिसात. मी पडले आणि तुला फोन लागला, तर तू ट्रॅफिकमधून येईपर्यंत मीच उठून चहा करून प्याले असते. म्हटलं, जी जवळ आहे तिच्याकडे ठेवावी."

एवढी साधी गोष्ट. माझ्या प्रात्यक्षिकात ती कुठेच नव्हती. अशी माणसं आमच्या ऑफिसात असती, तर माझी नोकरी केव्हाच गेली असती.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरने पाय दाबून पाहिला आणि विचारलं, "पडल्यावर आधी फोन कुणाला केलात?"

"मला," मी म्हणालो.

"तुम्हाला म्हणजे?"

"माझ्याच नंबरवर. मी उचलला नाही."

डॉक्टरने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पायाच्या एक्स-रेखाली डोक्याचा स्कॅनही लिहिला.

"काढा, डॉक्टर," आई म्हणाली. "आत काही सापडलं तर मलाही दाखवा."