वहिनीच्या दुधाची तपासणी

आमच्या वहिनीला प्लॅस्टिकचं वावडं. हौस म्हणून नाही हो, पोटापाण्याचं कामच ते. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात रसायन घालतात. ते झिरपून मातीत किती उतरतं, भाजीतून माणसाच्या अंगात किती जातं, हे ती प्रयोगशाळेत मोजायची. मळ्यांत अंथरलेले प्लॅस्टिकचे कागद फाटून मातीत मिसळतात. तिथली माती स्टीलच्या खुरप्याने काढायची आणि काचेच्या बरणीत भरायची. मळ्यातल्या बायकांची लघवीसुद्धा तिला काचेच्या बाटलीतच लागायची. बायका हसून हसून बेजार. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचा, "ताई, एक दिवस ही मलाही बरणीत भरून झाकण लावणार बघ."

वहिनीच्या कामात एक नियम फार कडक. खराब मातीला हात लावलेल्या माणसाने स्वच्छ नमुन्याजवळ फिरकायचं नाही. हाताचं, कपड्याचं काहीबाही लागतं आणि मोजमापाचे तीन तेरा वाजतात. जीव गेला तरी वहिनी हा नियम मोडायची नाही.

वहिनीला सातव्या महिन्यातच अचानक कळा सुरू झाल्या आणि मुलगी झाली. एवढीशी! भाऊ तिला मुंगी म्हणायला लागला. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नाकात नळी, हातात नळी. वहिनीने डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न काय विचारावा? "ह्या नळ्या कशाच्या?"

"मऊ प्लॅस्टिकच्या. कडक नळी हिच्या नाकात जाईल का हो?"

तेवढ्यात नर्स म्हणाली, "चला, छातीशी धरा आता. दूध काढून द्या, नळीतून पाजू." तशी वहिनी मागेच सरकली.

"आत्ता नको. परवापर्यंत मी त्या सगळ्यात खराब मळ्यात होते. माझ्या अंगात किती उतरलंय कोण जाणे. आधी माझं दूध तपासून घेते."

मी भडकले. "अगं, तू आई आहेस की मातीचा नमुना? डॉक्टरीणबाई कानीकपाळी ओरडतायत, आईचं दूध हवं म्हणून!"

"ताई, नळ्यांतून जातंय ते मला थांबवता येत नाही. माझ्याकडून तरी जायला नको."

आता हिच्यापुढे काय डोकं फोडायचं? दूध काचेच्या बाटलीत काढून भावाच्या हाती प्रयोगशाळेत धाडलं. तिथलं यंत्र नेमकं बिघडलेलं. ते दुरुस्त झालं, तर आधीच्या नमुन्यांची रांग. इकडे मुंगीच्या नळीतून दवाखान्याच्या दूधपेढीतलं दूध जात होतं, आणि वहिनी पेटीच्या काचेला कपाळ टेकून उभी. पेटीला हात घालायला गोल खिडकी होती. मी बोट दिलं की मुंगी ते घट्ट धरायची. "वहिनी, बघ तरी, पकड केवढी आहे कार्टीची!" म्हटलं की ती नुसती मान हलवायची, पण हात आत घालायची नाही. तिच्याकडे बघवत नव्हतं आणि माझा रागही आवरत नव्हता.

मग मुंगीला जंतुसंसर्ग झाला. सकाळपासून तिचं अंग गार पडत गेलं. डॉक्टरीणबाईंनी जिवाचं रान केलं, पण दुपारी सगळं संपलं. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, आईच्या दुधाने ती वाचली असती असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी हे वहिनीला हजारदा सांगितलंय. तिच्या डोक्यात ते शिरतच नाही.

आम्ही पेटीपाशी तसेच उभे होतो आणि वहिनीचा फोन वाजला. मी उचलला. प्रयोगशाळेतले तिचे साहेब होते, बिचारे आनंदात होते. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "तिला सांगा, दूध एकदम चांगलं आहे! रसायन आजवर तपासलेल्या कुणाहीपेक्षा कमी निघालंय. खुशाल पाज म्हणावं."

मी फोन ठेवून दिला. भाऊ भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

नर्सने एकेक नळी काढली, मुंगीला फडक्यात गुंडाळून वहिनीपुढे धरलं. ह्या वेळी वहिनी मागे सरकली नाही. तिने फडकं सोडलं, आपल्या झग्याच्या नाड्या सोडल्या आणि मुंगीला उघड्या छातीशी धरलं. दूध आपोआप गळायला लागलं, मुंगीच्या गालावरून ओघळलं. मी रुमाल काढून पुढे झाले.

"पुसू नका, ताई," वहिनी म्हणाली. "चांगलं आहे ते."