खोडलेला चार

माझी नोकरी वाचवली ती खालापूरकडच्या एका वाडीतल्या बाईने. तिचं नाव मला पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. एकदा तिचं नाव कागदावर लिहून मी पुरेसं नुकसान करून बसले आहे.

मी आठवीतून शाळा सोडलेली, जालन्याकडची. एका संशोधन संस्थेला घरोघर जाऊन बायकांना प्रश्न विचारायला मुली हव्या होत्या. लहान मुलं कुठे जास्त दगावतात ते कळलं की सरकार आधी तिथे दवाखाना देईल, असं आम्हाला सांगितलेलं. खालापूरच्या बाजूला दहिवलीत एका खोलीत आम्ही चौघी राहायचो. सुपरवायझर बाई आमचे फॉर्म ग्रामपंचायतीच्या रजिस्टरशी ताडून बघत. आकडा चुकला की मुलगी परत गावी. गावी भावाचं घर होतं, भावजयीचं राज्य होतं. तिथे मला परत जायचं नव्हतं.

मी गेले तेव्हा वाडीतली ती बाई अंगणात भात पाखडत होती.

"पोरं मोजाया आलीस? तुजी किती गं?"

"लग्न नाही झालं अजून."

"मंग तुला काय कळनार!"

शेजारणी हसल्या, मीही हसले.

"किती झाली, मावशी?"

"चार."

"हयात किती?"

"चारच की."

मी लिहिलं.

पुढच्या घरची म्हातारी हळूच म्हणाली, "तिचा धाकटा उन्हाळ्यात गेला गं, जुलाबानं. ती अजून मोजते त्याला. आमी कोन काय बोलत नाय."

आकडा खोडला तर त्याच्या बाजूला उत्तर देणारीचाच अंगठा लागायचा. मी परत फिरले.

"मावशी, रजिस्टरात हयात तीन असणार."

ती पाखडत राहिली. मला रडू फुटलं. रडता रडता जे बोलले ते अजून कानात आहे: "माझी नोकरी जाईल हो."

तिने सूप खाली ठेवलं. "घर लांब हाय तुजं?"

"लई लांब."

"मंग लिव. तीन."

पदराला हात पुसून तिने अंगठा पुढे केला. मी खोडरबर फिरवत होते तेव्हा ती कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "आता सरकारात पन तीनच का गं?"

मी हो म्हटलं.

नोकरी टिकली. त्याच कामात माझी वर्षं गेली, नव्या मुलींना मीच शिकवू लागले. वाडीला दवाखाना मिळाला की नाही, मला माहीत नाही. फॉर्म पुढे गेले, आम्ही दुसऱ्या तालुक्यात गेलो. पण तो चार नीट खोडला गेला नव्हता, तिनाखालून दिसत होता. 'हयात' या रकान्याशी आले की अजून माझी पेन्सिल थांबते. ज्याला मी कधी पाहिलं नाही तो पोरगा सुपाशी उभा असतो.

एकदा पिशवीत फॉर्म न घेता मी त्या वाडीत जाणार आहे. अंगणात बसून तिला धाकट्याचं विचारणार आहे. दिसायचा कसा, हट्ट कशाचा करायचा, हाक मारली की काय म्हणायचा. ती थांबेपर्यंत ऐकणार आहे. मावशी, तुमचं एवढं तरी मी फेडीन.