अस्सल बरहुकूम

वडील संस्थानच्या कचेरीत नकलनवीस होते. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, टेबल तेच राहिलं. मूळ कागदाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिल्याशिवाय ते नकलेखाली 'अस्सल बरहुकूम', म्हणजे मुळाप्रमाणेच, असा शेरा लिहून सही करत नसत. एकदा साहेबांनी नुसत्या भरवशावर सही मागितली, तर हे तीन दिवस रजेवर गेले.

मी डॉक्टरी शिकत होतो आणि नेमका उलटा वागत होतो. चिरफाडीच्या हॉलमधल्या एका प्रेतात यकृताची धमनी भलतीकडूनच, स्वादुपिंडाच्या मागून वर आलेली होती. पण वहीतलं चित्र पुस्तकाप्रमाणे नसलं तर आमचे मास्तर सही करत नसत. मी पुस्तकातलं चित्र उतरवलं आणि सही मिळवली.

तीन वर्षांनी वडिलांनाच कावीळ झाली. स्वादुपिंडाला कॅन्सरची गाठ होती. ती निघाली तर आशा आहे, एवढंच सर्जनसाहेब म्हणाले. माणसं कमी, म्हणून ऑपरेशनला मीच जखम उघडी धरून उभा होतो. साहेब गाठ कापायला निघाले तेव्हा मला ते प्रेत आठवलं. आधी मागच्या बाजूने चाचपून बघावं, असं मी भीत भीत सुचवलं. किताबेत असं काही नाही, असं पुटपुटत त्यांनी बोट घातलं आणि हळूहळू वर सरकवत नेलं.

"है तो सही," ते म्हणाले. "और गांठ इसी को पकड़े बैठी है."

मग माझंही बोट तिथे ठेवायला लावलं. धमनी उडत होती. गाठ काढायची तर ती धमनी कापावी लागली असती, आणि मग वडील गेलेच असते. साहेबांनी गाठ तशीच ठेवली आणि पित्ताला आतड्यात दुसरी वाट करून दिली. कावीळ उतरली, गाठ राहिली. मी वडिलांना वाचवलं की त्यांची आशा घालवली, ते मला आजही ठरवता येत नाही. फार वाईट वाटतं, एवढं खरं.

छत्रीबागेतल्या आमच्या घरी आल्यावर त्यांनी पोटात काय निघालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. ही धमनी पुस्तकात नाही, हेही सांगितलं.

"किताब माझ्या पोटात नव्हती," ते म्हणाले. "जसं होतं तसं काढ."

मी लाल पेन्सिलीने काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून कागद उजेडात धरला. तू स्वतः पाहिलंस का, म्हणून विचारलं. बोट लावलं होतं, मी म्हणालो. त्यांनी टाक मागवला, चित्राखाली नेहमीचा शेरा लिहिला आणि सही केली.

त्यानंतर ते दिवाळीपर्यंत होते. मूळ न पाहता त्यांनी आयुष्यात केलेली ती एकच सही.